दुसरा खण

सोमवारी सकाळी साडेअकराला ती जनरल वॉर्डात गेली, ती फक्त खाटांची यादी आणायला. दोन वर्षांत तिने वॉर्डात पाऊलच टाकलं नव्हतं असं नाही. पण जायचं ते मान खाली घालून, कागद उचलायचा आणि पाठ फिरवायची, असा तिने शिरस्ता पाडून घेतला होता. यादी टेबलावर नव्हती. वॉर्डातली नवी सिस्टर, जेमतेम तेविशीची पोर, एका म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवत होती. ती तिकडूनच म्हणाली, "ट्रॉलीत बघा ना, दुसऱ्या खणात असेल." दुसरा खण अडला. तो अडतोच. जरा वर उचलून डावीकडे रेटत ओढावा लागतो, आणि हे तिला आठवायच्या आधी तिच्या मनगटाला आठवलं. यादी होती. यादीखाली औषध विरघळवायच्या पाण्याच्या अँप्यूल होत्या, बोटाएवढ्या, काचेच्या, निळ्या अक्षरांच्या. आणि त्यांच्यातच, मांडीला मांडी लावून, तशाच बोटाएवढ्या, तशाच काचेच्या, तशाच निळ्या अक्षरांच्या पोटॅशियमच्या अँप्यूल. सलाइनच्या बाटलीत घालून थेंबाथेंबाने दिलं तर पोटॅशियम हे औषध. सरळ शिरेत ढकललं तर माणसाचं काळीज जागच्या जागी थांबतं. तिने मोजल्या. सहा होत्या. मग तिने यादी घेतली, खण जरा उचलून धरला, म्हणजे आवाज होऊ नये, आणि होता तसा बंद केला. इस्पितळाच्या मान्यतेची तपासणी गुरुवारी होती.

रेकॉर्डच्या खोलीत परत येऊन ती खुर्चीवर बसली आणि तिला हसू आलं. पोटातून आलं. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला काहीतरी लागलंय. लागलंच होतं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. दोन वर्षं ती या खोलीत बसून सूड मागत होती आणि तिच्या मागण्या तरी काय, भिकारड्या: मोठ्या डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर शाई सांडावी, मेट्रनच्या अहवालातलं एक पान नेमकं वेळेवर गहाळ व्हावं. एवढंच सुचायचं. आणि आता त्यांनीच, आपल्या हाताने, सगळं वाढून ताट पुढे ठेवलं होतं. समोरच्या फळीवर तिसरी फाइल होती, 'रुग्णसुरक्षा: घटना आणि कार्यवाही'. तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की पोटॅशियम वॉर्डातून कायमचं हलवलं आहे, लाल पेटीत, कुलपात ठेवलं आहे, किल्ली मेट्रनकडे आहे. सोबत पेटीचा फोटो. फोटोत कुलूप चकचकत होतं. पेटी अजूनही भिंतीवर होती, कुलूपही होतं. पण मेट्रन राउंडला गेली की किल्ली तिच्यासोबत जायची, दर वेळी तिच्यामागे जिने कोण चढणार, म्हणून कोणीतरी एके दिवशी मूठभर अँप्यूल खणात टाकून ठेवल्या असणार. सोय म्हणून. सगळं सोय म्हणूनच होतं. आणि गंमत अशी की फाइलमधलं ते वाक्य, कायमचं हलवलं आहे, हे तिच्याच अक्षरात होतं. सगळं तिच्याच अक्षरात होतं.

तिचं अक्षर मोत्यासारखं. त्यावरून मेट्रनने तिचं नाव पाडलं होतं मोती. मोती हे नाव लोक कुत्र्याला ठेवतात हे मेट्रनला तेव्हा सुचलं नसेल, किंवा सुचलंही असेल. तपासणी जवळ आली की तीस खाटांच्या त्या इस्पितळात एकच धांदल उडायची. सहा-सहा महिन्यांच्या वह्या चार दिवसांत भरायच्या. फ्रिजचं तापमान, हात धुण्याच्या नोंदी, कोणत्या पाळीत किती सिस्टर. दर पानाला पेन बदलायचं, मधेच एखादी खाडाखोड करायची, एका पानावर चहाचा कप टेकवायचा. फार स्वच्छ वही खोटी दिसते, हे मेट्रनचं ज्ञान. नर्सिंगच्या शाळेत त्यांच्या बाई घोकून घ्यायच्या, लिहिलं नाही ते केलं नाही. इथे लोकांनी त्याचं उलटं टोक पकडलं होतं. लिहिलं की झालं. ती पण त्यातलीच. तिने काय कमी वह्या भरल्या होत्या? चांगलं अक्षर म्हणून तिला शाबासकी मिळायची आणि ती फुगायची. हे तिला आता आठवायला नको असायचं, पण फळीवर रांगेने उभ्या असलेल्या त्या फायली म्हणजे तिच्याच अक्षराची भिंत होती, बघेल तिकडे स्वतःच.

दोन वर्षांपूर्वी, त्या दिवशीही वह्याच भरणं चाललं होतं. वॉर्डात चौदा पेशंट होते आणि ती एकटी होती. बाकीच्या दोघी वरच्या मजल्यावर बसून, प्रत्येक पाळीला वॉर्डात तीन सिस्टर असतात, असं तीन महिन्यांचं लिहीत होत्या. सात नंबरला शिंपीकाका होते, पायाची जखम चिघळलेले. उद्या-परवा सुटी होणार म्हणून खुशीत. नजरेने माप घ्यायची सवय. "सिस्टर, तुमचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे हो. सगळं ओझं त्याच खांद्यावर घेता." ती हसली होती. हसत हसतच खणातून अँप्यूल उचलली, मान मोडली, औषधाच्या बाटलीत सोडली, हलवली, तेवढ्यात अकरा नंबरची म्हातारी खाटेवरून उतरायला लागली, तिला ओरडली, मग औषध भरून काकांच्या शिरेत सोडलं, आणि नळीत काही राहू नये म्हणून दुसऱ्या अँप्यूलमधलं पाणी मागून ढकललं. पाणी. निळी अक्षरं. काका म्हणाले, "भाजतंय हो हातात." ती म्हणाली, "होतं काका थोडं. झालंच." आणि दट्ट्या पुढे ढकलला. हे 'झालंच' कोणत्याही कागदावर आलं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, ते नवल वाटल्यासारखं, आणि मग मोठे डॉक्टर आले, छाती दाबणं झालं, सगळं झालं. काकू बाहेर बाकावर कुणाच्या तरी पोलक्याला हातशिलाई करत बसल्या होत्या. त्यांनी रडारड केली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सुई कोणी टोचली?" आणि मेट्रनने बोट दाखवलं. खरोखरचं बोट, हात लांब करून.

बोट दाखवलं याचा राग नव्हता. सुई तिनेच टोचली होती. राग वेगळ्याचा होता. त्याआधी तीन आठवडे तिच्या हातात अशीच चुकून पोटॅशियमची अँप्यूल आली होती आणि मान मोडता मोडता लक्षात आलं होतं. तिने पळत जाऊन मेट्रनला सांगितलं, हे एका खणात ठेवू नका, एखाद्या दिवशी कोणीतरी जीव घेईल. मेट्रन म्हणाली, "सांगितलंस ना? झालं तर. वहीत नको लिहूस, तपासणी तोंडावर आलीये." मोठे डॉक्टर तिथेच हात पुसत उभे होते. त्यांनी मान हलवली होती. तीच मान काका गेल्यावर चौकशीच्या दिवशी, मला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून हलली. चौकशी म्हणजे एक छापील फॉर्म. मूळ कारण शोधायचं, पाच वेळा 'का' विचारायचं. रुग्ण का दगावला? पोटॅशियम सरळ शिरेत गेलं. ते का गेलं? पाण्याऐवजी पोटॅशियमची अँप्यूल उचलली गेली. का उचलली गेली? दोन्ही दिसायला सारख्या. सारख्या असल्या तरी का कळलं नाही? लेबल वाचलं नाही. लेबल का वाचलं नाही? परिचारिकेची हलगर्जी. तिसऱ्या 'का'पाशी रस्त्याला फाटा फुटत होता. दोन्ही एकाच खणात का, असं विचारलं असतं तर रस्ता जिना चढून वरच्या मजल्यावर गेला असता. तो विचारला नाही. आणि कच्चा फॉर्म मेट्रनचा गिचमिड अक्षरात होता म्हणून पक्का करायला तिच्याकडेच आला. तिनेच लिहिलं. परिचारिकेची हलगर्जी. 'ग'चा दंड सरळ, 'ज'वरचा रफार नाजूक. त्या वेळी तिचा हात कापला नाही, याचंच तिला पुढे दोन वर्षं नवल वाटत राहिलं. त्यानंतर दोन महिने घरी, आणि मग इथे, कागदात. वॉर्डात पुन्हा नाही.

मंगळवारी दुपारी मोठ्या डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. मेट्रन होतीच. डॉक्टर गोड बोलत होते. ते गोड बोलायला लागले की सगळे खिसे चाचपायचे. म्हणाले, "अगं, तपासणीला ज्या बाई येणार आहेत ना, त्या फार कडक आहेत म्हणे. त्यांना एक तरी घटना दाखवावी लागते, चुकांतून आम्ही काय शिकलो म्हणून. आपली ती फाइल सगळ्यात चांगली झालीये. तुझ्यामुळेच." मेट्रन म्हणाली, "तू बस समोर. दोनच वाक्यं बोलायची. माझ्याकडून चूक झाली. संस्थेने मला शिक्षा केली नाही, शिकवलं. बस्स. रडलीस तरी चालेल, पण थोडंच." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. अडचणीत आले की ते चष्मा पुसतात. म्हणजे थोडी लाज होती तर. ती म्हणाली, "बोलेन की." "बघ बाई, ऐन वेळी घाबरशील." "नाही घाबरणार." आणि ती खरंच घाबरली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे गुरुवार उभा होता. त्या बाई विचारतील, आता पोटॅशियम कुठे असतं? मेट्रन म्हणेल, लाल पेटीत. आणि मग ती उठेल, चला, दाखवते, म्हणेल, आणि सगळी वरात वॉर्डात नेईल, खण जरा वर उचलून डावीकडे रेटेल. पुढचं चित्र ती पुन्हा पुन्हा बघायची. मेट्रनचं तोंड कसं होईल. डॉक्टर चष्मा पुसतील तेव्हा रुमाल सापडेल का. मान्यता जाईल, पाटी उतरेल, वर्तमानपत्रात येईल. काकूंच्या हातात कोणीतरी तो पेपर देईल. हे शेवटचं चित्र काही केल्या स्पष्ट दिसायचं नाही. काकूंचा चेहराच उमटायचा नाही, नुसती पोलक्यावर चालणारी सुई दिसायची. ते ती सोडून द्यायची.

वॉर्डात ती आता दिवसातून दोनदा जायला लागली. कधी यादी, कधी स्टेपलर. नव्या सिस्टरला वाटलं, या आपल्याला सोबत करायला येतात. "तुम्ही आलात की बरं वाटतं हो," पोरगी म्हणाली. तिच्या टाचा सुजलेल्या होत्या, बूट ती मागून दुमडून घालायची. "तुम्ही होतात तेव्हा कसं जमायचं सगळं एकटीला?" ती म्हणाली, "जमायचं नाही." पोरगी खळखळून हसली, विनोद केला असं वाटून. खणात सहाच्या सहा. एका वाक्याचं काम होतं. लेबल बघत जा गं, एवढंच. पण ते म्हटलं असतं तर पोरीने खण बघितला असता, अँप्यूल उचलून मेट्रनकडे नेल्या असत्या, मेट्रनने त्या पेटीत टाकल्या असत्या आणि गुरुवारी फोटो आणि पेटी अगदी जुळले असते. सूड म्हणजे सापळा, आणि सापळ्यातला तुकडा कोणी हळहळून काढून घेतो का? तीनच दिवस. दोन वर्षं काही झालं नाही, तीन दिवसांत काय होणार आहे? हे वाक्य मनात आलं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. मेट्रनच्या आवाजातलं होतं.

संध्याकाळी नवरा चहा पीत होता. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, बोटांच्या घड्यांत कायमचं काळं ग्रीस. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, समजा तुम्हाला एखाद्या लिफ्टचा ब्रेक ढिला दिसला. आणि मालकाने तर लिहून दिलंय की ब्रेक नवा टाकलाय. मग?" "मग काय, लिफ्ट बंद करतो." "आणि मालक? तो तर सुटला." "सुटू दे की. आधी लिफ्ट बंद, मग भांडण. लिफ्ट चालू ठेवून भांडायला गेलो तर वर जाणारा माणूस कोणाच्या बापाचा?" त्याने कपाची दांडी धरून तिच्याकडे पाहिलं. "का गं, तुमच्याकडे लिफ्ट कुठाय?" ती म्हणाली, "नाहीच आहे." आणि कप विसळायला उठली. तिला त्याचा रागच आला. याला काय जातंय बोलायला. याच्याकडे कोणी हात लांब करून बोट दाखवलं नाही. याने आपल्या नावापुढे हलगर्जी असं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं नाही. शहाणपण सांगणारे सगळे कोरड्या जागी उभे असतात.

बुधवारी दुपारी खणात पाच होत्या.

तिने पुन्हा मोजल्या. पाण्याच्या अँप्यूल एकेक बाजूला करून मोजल्या. पाचच. वॉर्डात पंखे फिरत होते. कोणीतरी खोकलं. नवी सिस्टर दिसत नव्हती, दहा नंबरचा पडदा ओढलेला होता. आणि तेव्हा तिला जे वाटलं ते तिने नंतर कितीही उलटसुलट करून पाहिलं, धुऊन, वाळवून, घडी घालून पाहिलं, तरी त्याचा रंग बदलला नाही. आधी भीती वाटली नाही. आधी आनंद झाला. छातीत काहीतरी टुणकन उडालं. झालं, तिला वाटलं, आता झालं, आता यांची सुटका नाही, आता फोटो दाखवा म्हणावं. पडद्यामागे एक माणूस मरतोय, असं तिला वाटलं आणि ते तिला पुराव्यासारखं वाटलं. मग पडदा सरकला, पोरगी बाहेर आली, कपाळाला घाम. "दहा नंबरला सलाइनमध्ये पोटॅशियम टाकलंय, ऑर्डर होती सरांची. थेंब मोजून देतात ना हे? मी दोनदा बघितलं." दहा नंबर बिछान्यात पडल्या पडल्या पेरूएवढा रबरी चेंडू मुठीत दाबत होता, शीर वर यावी म्हणून दिलेला. जिवंत. ठणठणीत. आणि आतला तो आनंद थोडा ओसरला तेव्हा तिला कळलं की तो ओसरतोय म्हणून आपल्याला वाईट वाटतंय. शिंपीकाकांना तिने चुकून मारलं होतं. दहा नंबरला तिने, पाचसहा श्वासांपुरतं का होईना, मुद्दाम मारलं होतं. तेव्हाच त्या पाच उचलायला हव्या होत्या. हात खणात होताही. पण दारातून मेट्रन आली, ट्रॉली तपासायला, तशी हिने हात काढून खण लोटला. पहिला खण उघडून मेट्रनने लेबलं सरळ केली, दुसरा ओढला, तो अडला, तिने सोडून दिला. "मोती, तू काय करतेस इथे?" "यादी बघतेय." "उद्या साडी नीट नेस हो. इस्त्रीची." एवढं बोलून मेट्रन गेली, आणि तिला पुन्हा तो खण, तो सापळा, तो गुरुवार दिसला, आणि खणाकडे गेलेला हात आपोआप मागे आला. एकच तर रात्र राहिली होती. हे तिने केलं. कळून-सवरून केलं.

गुरुवारी ती तासभर लवकर आली. फाटकाशी कुंड्या आल्या होत्या, जिन्याला फिनेलचा वास होता, भिंतीवर हात कसे धुवावेत त्याची नवी चित्रं लागली होती. तपासणीच्या बाई दहाला यायच्या होत्या. सगळ्या सिस्टर वरच्या हॉलमध्ये बसल्या होत्या, कडक गणवेशात, प्रश्न-उत्तरं पाठ करत. सुरक्षेची सहा उद्दिष्टं कोणती, आग लागली तर काय. रेकॉर्डच्या खोलीकडे जाताना वॉर्ड लागतो. दारातून तिला दिसलं ते असं: चौदा खाटा भरलेल्या, आणि पोरगी एकटी. ती ट्रॉलीपाशी उभी होती, डाव्या हातात औषधाची बाटली, उजव्या हातात अँप्यूल, अंगठा मानेवर, आणि मान वळवून ती खिडकीजवळच्या बाईला म्हणत होती, "अहो आजी, उतरू नका, आले मी, आले." दारातून ती धावली. पायातली चप्पल निघाली तरी धावली. पोरीचं मनगट तिने इतकं जोरात धरलं की पोरगी कळवळली. "काय झालं?" तिने ती अँप्यूल काढून घेतली, उलटी केली, वाचली. अक्षरं आधी नाचली, मग थांबली. पाणी होतं. नुसतं पाणी. "काही नाही," ती म्हणाली, "दे तुझं तू." आणि पोरगी बघत असताना तिने खण उपसला, पाचही अँप्यूल वेचल्या, पुन्हा तळ चाचपला, आणि खिशात टाकल्या. पोरीच्या मनगटावर तिची चार बोटं उमटली होती. "लेबल वाचत जा," ती म्हणाली, "दर वेळी. मी काहीही बोलले, कोणीही काहीही बोललं, तरी." पोरीला वाटलं बाई रागावल्या.

रेकॉर्डच्या खोलीत बसून तिने हिशेब नाही मांडला, नुसती बसली. सापळा मोडला होता. आता बाईंना वॉर्डात नेलं तरी खणात पाणीच. फाइल खरी ठरली होती. तिनेच आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, आपल्या हाताने ती खरी केली होती. मेट्रनने पाय धुऊन तीर्थ प्यावं असं काम केलं होतं तिने. आणि तरी राग तसाच होता. तो कमी होईल, कुठेतरी पाझरेल, असं तिला वाटलं होतं. माणूस चांगलं काम करतो तेव्हा त्याला बरं वाटतं म्हणतात. बरं वाटत नव्हतं. फक्त त्या रागाला आता एक नवीन तोंड दिसत होतं, आणि ते आरशातलं होतं, आणि त्यालाही सोडायची त्याची तयारी नव्हती.

बारा वाजता तिला बोलावलं. लांब टेबल, बिस्किटं, फायली. तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, बारीक, चेहऱ्यावर दमणूक. कडक वगैरे काही नाही, सतत खोट्या वह्या वाचून माणूस दमतो तशी. मोठे डॉक्टर एका बाजूला, मेट्रन दुसऱ्या. पाच 'का'चा फॉर्म उघडा होता. "हे अक्षर कोणाचं?" बाईंनी विचारलं. "माझं." "सुरेख आहे." मेट्रन पुढे झुकून म्हणाली, "हीच ती सिस्टर, मॅडम. हीच सांगेल." तिने खिशातून पाच अँप्यूल काढल्या आणि फॉर्मवर ठेवल्या. एक घरंगळत बिस्किटांच्या ताटलीपाशी गेली. बाईंनी ती उचलून उजेडात धरली, वाचली. "या कुठे होत्या?" "जनरल वॉर्डात. ट्रॉलीच्या दुसऱ्या खणात. पाण्याच्या अँप्यूलमध्ये मिसळलेल्या." "छे, शक्यच नाही," मेट्रन म्हणाली, "आमच्याकडे पेटी आहे, कुलूप आहे, फोटो लावलाय फाइलला." "फोटो बघितला मी," बाई म्हणाल्या. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. पण रुमाल सापडेना, शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. दोन वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती, आणि तो गोड लागला. खोटं कशाला बोला, फार गोड लागला.

मग बाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, "तुमच्या लक्षात हे कधी आलं?" प्रश्न साधाच होता, पण मेट्रनने तेवढ्यात स्वतःला सावरलं होतं, वीस वर्षं तपासण्या निभावलेली बाई ती. "आजच आलं असेल ना गं?" ती एकदम मऊ आवाजात म्हणाली. "सकाळी दिसल्या आणि लगेच काढल्यास ना? मॅडम, आमची माणसं अशी तयार झालीयेत. स्वतःहून शोधतात, स्वतःहून दुरुस्त करतात." डॉक्टरांनी चष्मा घातला. "हो, हो. हेच तर आम्ही शिकवतो." बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं. दमलेल्या त्या चेहऱ्यावर थोडी माया होती. लिहायला हे वाक्य त्यांनाही सोपं गेलं असतं. कर्मचाऱ्याने स्वतःहून धोका शोधला व तात्काळ दूर केला. आज, एवढंच म्हणायचं होतं. आज म्हटलं की सगळे तरत होते. मेट्रन, डॉक्टर, पाटी, आणि ती स्वतः तर सगळ्यांत आधी; कदाचित परत वॉर्डात, परत त्या खाटांमध्ये. मेट्रन टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हलकेच थोपटत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने तिला हात लावला होता. तिला वाटलं, या बाईला बुडवायचं तर हिच्या गळ्यात बांधायला माझ्याइतका जड धोंडा दुसरा नाही.

"सोमवारी," ती म्हणाली.

गुडघ्यावरचा हात थांबला. "आज गुरुवार आहे," बाई म्हणाल्या.

"हो. सोमवारी साडेअकराला दिसल्या. सहा होत्या. मी खण बंद केला. मंगळवारी दोनदा जाऊन मोजल्या. बुधवारी पाच झाल्या, तेव्हा मला वाटलं एक माणूस गेला. तरीही काढल्या नाहीत. आज सकाळी काढल्या. तिथे एकच सिस्टर आहे, ती नवीन आहे, तिला मी काही सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी याच खणाबद्दल मी या दोघांना सांगितलं होतं, ते वहीत नाही. आणि शिंपीकाका म्हणाले होते हात भाजतोय, तेव्हा मी थांबले नाही. तेही नाही."

मेट्रनच्या तोंडाला रंग नव्हता. ते तोंड तिने डोळे भरून बघून घेतलं. बाईंनी आत्तापर्यंत लिहिलेलं खोडलं नाही, पान उलटलं, नवीन पान घेतलं. "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय? हे तुमच्यावरही येईल. आधी तुमच्यावरच येईल."

"येऊ दे."

"चार दिवस. तुम्ही शिकलेल्या सिस्टर आहात. माणूस मेला असता. काढल्या का नाहीत?"

"तुम्ही येणार होतात म्हणून," ती म्हणाली.

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला.